चारशे सातमधली किटली

एकोणीस वर्षं परक्यांच्या अंथरुणात हात घालून पोट भरणाऱ्या बाईला घाण कशाला म्हणतात हे कुणी शिकवायला नको. लख्खीला तर नाहीच नाही. हॉटेलच्या चौथ्या मजल्यावरच्या चौदा खोल्या तिच्याकडं. तिनं पुसलेल्या आरशात माणूस आपलंच तोंड बघून दचकायचा. म्हणून सगळ्यांनी तिचं नाव लख्खी ठेवलं आणि खरं नाव हजेरीच्या कागदापुरतं उरलं.

एवढी कामसू बाई, पण भित्री. आचाऱ्याला बाहेरचं जेवण गोड लागत नाही, तशातली गत. कोणत्या मजल्यावरची कोण बाई बेसिन पुसलेल्या फडक्यानंच पाण्याचे ग्लास पुसून मोकळी होते, पलंगावरची जाड रजई किती दिवसांनी धुवायला जाते, टीव्हीच्या रिमोटला वर्षातून किती वेळा फडकं लागतं, हे सगळं तिला ठाऊक होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं ती स्वतःच म्हणायची.

एकदा लेकानं हौसेनं आईबापाला दोन दिवस फिरायला पाठवलं. नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा, त्याला जन्मात पहिल्यांदा हॉटेलची खोली बघायला मिळाली. तो गादीवर आडवा होतोय तोवर हिनं गादीचा कोपरा उचलून शिवण तपासली, उशीला नाक लावलं, ग्लास उजेडात धरून फिरवला आणि पिशवीतून घरचं फडकं काढून न्हाणीघरात शिरली ती दीड तासानं बाहेर आली. नवरा म्हणाला, "अगं, आपण हवापालटाला आलोय की बदलीवर?" पुढं कितीतरी दिवस तो भेटेल त्याला सांगायचा, हिला स्वर्गात नेली तरी दारातच फडकं मागेल. गंमत अशी की घरात मात्र कपाटावर बोटभर धूळ. घरी गेल्यावर हात उचलत नाही म्हणायची.

आता तिच्या कामातली एक आतली गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं.

खोलीखोलीत चहापाण्यासाठी विजेची किटली असते. तिथलं पाणी जड, त्यामुळं किटलीच्या बुडाला पांढरे क्षार धरायचे, खरूज उठल्यासारखे. नियम असा की लिंबाचा रस घालायचा, तासभर ठेवायचं आणि घासायचं. चौदा किटल्यांना तासतास कुणाच्या बापाकडं आहे? हॉटेलच्या प्लंबरला सगळे वायसर म्हणायचे. त्याच्याकडं बॉयलरचे क्षार काढायचं औषध होतं. पाण्यासारखं नितळ, रंग नाही, वास नाही. किटलीभर पाण्यात दोन झाकणं टाकली की दहा मिनिटांत बूड आरशासारखं. वायसरनं तिला एका छोट्या बाटलीत ते दिलं, तेव्हा बजावलं होतं, "लख्खे, हे बॉयलरच्या पोटात घालायचंय, माणसाच्या नाही."

तिनं त्यावर स्वतःचा कायदा बसवला होता. औषध घातलेली किटली बेसिनमध्येच ठेवायची, टेबलावरच्या तिच्या विजेच्या बैठकीवर कधीही नाही. बेसिनमध्ये किटली दिसली म्हणजे काम अर्धं आहे. मग सात वेळा विसळायची, मोठ्यानं मोजत. सात झाल्याशिवाय ती बैठकीवर बसायची नाही. तीन वर्षं हा कायदा एकदाही मोडला नव्हता.

त्या दिवशी दुपारी साडेबाराला चारशे सातमध्ये एक बाई आणि तिची सहा वर्षांची मुलगी आल्या. मुलीचा बाप कामात अडकलेला, तो दोन दिवसांनी येणार होता. लख्खी खोली आवरून निघतच होती, पण त्या बाईनं दारातच तिला थांबवलं. हातात पातळ मोजे, काखेत ओल्या कागदी रुमालांचं भलंमोठं पाकीट. आधी तिनं दाराची मूठ पुसली, मग आत पाऊल टाकलं. म्हणाली, मावशी, माझ्यादेखत पुन्हा करा सगळं.

दुसरी कुणी असती तर मनातल्या मनात शिव्या घातल्या असत्या. लख्खीला उलट माया आली. ही आपल्याच जातकुळीतली, असं वाटलं. बाई बोट दाखवत होती आणि लख्खी पुसत होती. दिव्याची बटणं, रिमोट, फोन, नळाची मान, कपाटाची कडी. पोरगी खुर्चीवर पाय हलवत बसली होती. प्रवासानं तिचा चेहरा उतरला होता.

शेवटी बाईनं किटलीचं झाकण उघडलं. आत क्षार होतेच. कालचा पाहुणा उशिरा गेला म्हणून ते काम राहून गेलं होतं.

"मावशी, ह्याच्यात मी माझ्या लेकीला दूध करून द्यायचं?"

लख्खीला भर बाजारात पदर सुटल्यासारखं झालं. तिनं किटली न्हाणीघरात नेली, बेसिनमध्ये ठेवली, पाणी भरलं. एप्रनच्या खिशातून छोटी बाटली काढली आणि घाईत दोनाऐवजी तीन झाकणं घातली. एवढ्यात पोरगी तोंड दाबत पळत आली. तिला उलटीची उबळ आली होती. आई मागून धावली आणि म्हणाली, ते आधी हलवा तिथून. लख्खीनं किटली उचलली. हातात ट्रॉलीची फडकी, खाली फरशी ओली, ठेवायला जागा नाही. तिनं ती बाहेर नेऊन टेबलावर ठेवली आणि हाताच्या सवयीनं झाकण लावलं. आपल्या बैठकीवर किटली ऐटीत बसली.

त्याच क्षणी तिचा फोन वाजला. सुपरवायझर बाई ठणाणा करत होती. दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी गादीत केस सापडला होता, पाहुणा ओरडत होता, मावशी ताबडतोब खाली या. न्हाणीघरातून आई पोरीला पुसत बाहेर आली.

"झालं ना सगळं? मग या आता. हिला झोपवायचंय."

"झालं," लख्खी म्हणाली.

आणि ट्रॉली ढकलत निघून गेली.

दुसऱ्या मजल्यावरच्या केसानं तिचे दोन तास खाल्ले. मग राहिलेल्या खोल्या. साडेतीनला ड्युटी संपली. तिनं खोल्या उघडायचं कार्ड हजेरीच्या खिडकीत जमा केलं आणि खाली बायकांच्या खोलीत हात धुवायला गेली. साबण लावला, आणि उजव्या अंगठ्याच्या भेगेत चुरचुरलं. ती चुरचुर तिच्या ओळखीची होती. वायसरच्या औषधाचा थेंब भेगेत गेला की तशीच चुरचुर व्हायची, आणि ती किटली विसळता विसळता सातव्या पाण्यापर्यंत निघून जायची.

आज निघून गेली नव्हती. म्हणजे आज सात पाणी झालंच नव्हतं.

नळ वाहत राहिला. लख्खीच्या डोळ्यांपुढं टेबल आलं, बैठक आली आणि तिच्यावर झाकण लावलेली, काठोकाठ भरलेली किटली आली. बटण दाबलं की झालं. ना रंग ना वास. आणि तिचं स्वतःचंच उत्तर कानात वाजलं, झालं.

साबणाचे हात एप्रनला पुसत ती बाहेर आली. स्वागतकक्षातून चारशे सातला फोन लावायला सांगितला. लागेना. तिथल्या मुलीनं सांगितलं, उचलून बाजूला ठेवलेला दिसतोय, झोपल्या असतील. जिन्याच्या तोंडाशी सुपरवायझर बाई आडवी आली. वयानं ती लख्खीच्या लेकीएवढी. विचारलं, मावशी, ड्युटी संपली ना, आता वर कुठं? लख्खी खोटं बोलली. म्हणाली, फडकं राहिलंय. ती म्हणाली, राहू दे की, सकाळी घ्या, त्या बाईनं आधीच नाकीनऊ आणलेत, पुन्हा दार वाजवू नका.

लख्खी "बरं" म्हणाली. सुपरवायझर बाई वळली, आणि लख्खी नोकरांच्या जिन्यानं वर चढायला लागली. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर तिच्यात नव्हता. पन्नाशी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे, तरी दोन-दोन पायऱ्या. दर मजल्याला वाटायचं, आता वरून किंकाळी ऐकू येईल. काहीच ऐकू येत नव्हतं, आणि त्याचीच जास्त धडकी भरत होती.

चारशे सातच्या मुठीला पाटी लटकत होती, त्रास देऊ नका. तिनं दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग मुठीनं बडवलं. साखळी न काढता दार बोटभर उघडलं. बाईचे डोळे झोपेतले, आणि रागातले.

काय आहे, पाटी वाचता येत नाही का, असं काहीतरी ती म्हणाली. लख्खीचं तिकडं लक्ष नव्हतं. ती फटीतून टेबलाकडं बघत होती. किटली बैठकीवर नव्हती. रुमालावर उपडी घातली होती. रिकामी.

"बाई, किटलीतलं पाणी कुठं गेलं?"

बाई बुचकळ्यात पडली. मग तिनं सांगितलं, जरा तोऱ्यातच सांगितलं, की परक्या ठिकाणची किटली ती अशीच वापरत नाही. आधी आतलं पाणी उकळते आणि फेकून देते, जंतू मरतात. मग दुसरं पाणी भरून उकळते. आजही तसंच केलं.

लख्खीचा श्वास खाली आला. पहिलं पाणी गटारात गेलं होतं. म्हणजे वाचलो.

पण बाई बोलतच होती. दुसऱ्या पाण्यात तिनं पोरीला पावडरचं दूध करून दिलं होतं. पावडर हॉटेलचीच. पोरगी म्हणाली आंबट लागतंय, नको. तिनं दटावून दोन घोट पाजले. मग स्वतः बघितलं तर दूध फाटलेलं. तुमच्या हॉटेलची पावडरसुद्धा शिळी, मी तक्रार करणार आहे, असं म्हणून तिनं मागं बोट दाखवलं. पलंगाच्या उशाशी कप होता. पोरगी भिंतीकडं तोंड करून झोपली होती. हलत नव्हती.

पावडर शिळी नव्हती. विसळल्याविना राहिलेल्या किटलीच्या कडांना जे उरलं होतं, त्यानं ते दूध फाडलं होतं. हे त्या खोलीत एकट्या लख्खीला माहीत होतं.

तिथं ती उभी राहिली. फार वेळ नाही, माणूस दाराशी चप्पल काढतो तेवढाच वेळ. पण तेवढ्यात तिला सगळं दिसून गेलं. किटली रिकामी आहे. औषधाची बाटली आपल्या खिशात आहे. कप आपणच उचलून विसळायचा, माफ करा म्हणायचं, नवी पावडर आणून द्यायची. दोनच तर घोट. पोरीला काही होणार नाही. झालंच तर प्रवासाची उलटी आधीच झालेली आहे, तिच्यावर जाईल. कोणाला कळणार? एकोणीस वर्षं. आणि पुन्हा ती पोरीची पाठ. श्वास चाललाय की नाही, ते इथून दिसत नव्हतं.

"बाई, तिला उठवा," लख्खी म्हणाली. "त्या किटलीत मी क्षार काढायचं औषध घातलं होतं. विसळायची राहिली. ते दूध त्यानं फाटलंय."

बाईच्या तोंडावरचा रंग उतरला. साखळी काढताना ती तिच्या हातातून तीनदा निसटली. तिनं पोरीला ओढून उठवलं, पोरगी किरकिरली आणि रडायला लागली. एवढं गोड रडणं लख्खीनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. आई पोरीच्या तोंडात बोट घालायला निघाली, तर लख्खीनं तिचा हात धरला. वायसर म्हणाला होता, ते वर येताना पुन्हा जाळतं. उलटी काढू नका, तोंड धुवा, खळखळून. बाईनं हात हिसकावला, पण ऐकलं.

लख्खीनं फोन जागेवर ठेवला, खाली कळवलं. मग दहा मिनिटांत खोली भरली. सुपरवायझर बाई आली, मॅनेजर आला, वायसर औषधाचा मोठा कॅन छातीशी धरून आला. त्याचं तोंड कागदासारखं पांढरं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी कॅनवरचं बारीक अक्षर चष्मा वर करून वाचलं, किती झाकणं घातली ते विचारलं. दोन की तीन, नीट आठवा. लख्खी म्हणाली, तीन. मॅनेजर तिच्याकडं बघत राहिला. डॉक्टरांनी पोरीची जीभ, घसा, ओठांची आतली बाजू दिवा लावून बघितली. गिळून दाखव म्हणाले. तिनं गिळलं आणि म्हणाली, जीभ चुरचुरते.

त्या शब्दासरशी लख्खीचा अंगठा पुन्हा चुरचुरला.

डॉक्टर म्हणाले, पहिलं पाणी फेकलं गेलं, त्यात बरंचसं निघून गेलं, दुसऱ्यात पातळ झालं, आणि घोट दोनच. घशात लाली नाही. पण दोन तास नजर ठेवायची. गिळताना दुखलं, पोट दुखलं, लाळ गळायला लागली, तर एक मिनिट न थांबता मोठ्या इस्पितळात. आता तिला पाणी द्या, थोडं थोडं.

आणि इथं सगळं अडलं. पाणी कशातलं द्यायचं? बाईनं पाण्याची बंद बाटली उचलली, झाकण न्याहाळलं आणि खाली ठेवली. ग्लास उचलला, तो नाकाशी नेला, तोही ठेवला. आता तिचा कशावरच भरवसा राहिला नव्हता. मॅनेजर म्हणाला, खालून नवं मागवतो. ती म्हणाली, तुमचं नवं नको. पोरगी रडत म्हणत होती, आई, तहान लागली. सहा मोठी माणसं खोलीत, आणि घोटभर पाणी द्यायची कोणाची छाती होईना.

लख्खीनं ग्लास घेतला. बाईला म्हणाली, इकडं या, बघा. नळाखाली बोटं घालून तो घासला आणि विसळला. मोठ्यानं मोजत, सात वेळा. बाई शेजारी उभी राहून मोजत होती. मग बाटलीचं सील तोडलं, ग्लास भरला आणि अर्धा स्वतः प्यायली. थांबली. आतून तिला वाटत होतं, घसा आता जळेल. जळला नाही. उरलेला तिनं आईच्या हातात दिला. आईनंही एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला, गिळला, आणि मगच पोरीच्या ओठाला ग्लास लावला.

मॅनेजर लख्खीला बाहेर घेऊन गेला. फार आरडाओरडा केला नाही, तो करणाराही नव्हता. उद्या येऊ नका, परवा बोलावतो, काय ते ठरेल, एवढंच म्हणाला. वायसरलाही तेच सांगितलं. वायसर जाता जाता कुजबुजला, लख्खे, तीन झाकणं सांगायची काय गरज होती, दोन म्हणाली असतीस तरी चाललं असतं. लख्खी म्हणाली, डॉक्टरनं दोनाचा हिशेब धरला असता आणि पोरीच्या पोटात तीनाचं असतं, मग? वायसर खाली मान घालून गेला.

घरी जायला सांगितलं होतं, पण ती गेली नाही. चारशे सातसमोर बोळात भिंतीला टेकून खाली बसली. गालिच्यावर बसायला नोकरांना मनाई होती, पण आता कोण काय करणार होतं? दार उघडंच ठेवलं होतं. आतून दर थोड्या वेळानं आवाज यायचा, बाळा, गिळून दाखव. दुखतंय? नाही म्हटलं की लख्खीचे खांदे खाली यायचे, आणि पुढच्या वेळेपर्यंत पुन्हा वर चढायचे.

तासाभरानं बाई दारात आली. पोरगी कडेवर. मगाचा राग गेला नव्हता, पण आता त्याच्यावर थकवा चढला होता.

"तू सांगितलं नसतंस तर?"

लख्खीनं वर बघितलं. "तर उद्या सकाळी तुमची खोली आवरायला मीच आले असते."

बाईनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली की अजून चार दिवस इथं काढायचेत, दुसरीकडं खोली मिळत नाही. "मी मूठ पुसली, रिमोट पुसला. आणि हे भलतंच निघालं. आता कशाकशाला भ्यायचं, ते तरी सांग."

लख्खीनं लपवलं नाही. लपवायला आता काही उरलंही नव्हतं. मुठीला आणि रिमोटला भिऊ नका म्हणाली, जेवायच्या आधी हात धुतले की त्यांचं काही चालत नाही. वरची जाड रजई पायाकडं लोटून द्या, ती क्वचित धुतात. गादीची शिवण एकदा बघून घ्या, काळे ठिपके दिसले तर खोली बदला. ग्लास आणि कप स्वतः धुवा, कुणी कितीही शपथ घेतली तरी. बाकी माणसाची घाण माणसाला लगेच मारत नाही बाई, मी एकोणीस वर्षं तिच्यात हात घालतेय. पण ती काढायला आम्ही जे वापरतो, त्याचं आम्हालाही सगळं ठाऊक नसतं. ग्लास, किटली, बादली, काहीही हातात घेतलं की आधी स्वतः विसळा. मग वापरा.

बाई ऐकत होती. तिनं मध्येच पोरीची हनुवटी वर केली आणि गिळायला लावलं. पोरगी कंटाळून म्हणाली, नाही दुखत गं, किती वेळा?

साडेसहाला डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी पाच-सहा प्रश्न विचारले, पोरीला फोनवर बोलायला लावलं आणि म्हणाले, आता काळजी नको, हलकं खायला द्या. बाईनं ते बोळात येऊन सांगितलं. आभार नाही, माफी नाही, फक्त डॉक्टर काय म्हणाले ते. दार लावताना मात्र क्षणभर थांबली आणि म्हणाली, जा आता घरी.

लख्खी भिंत धरून उठली. गुडघे आखडले होते. जिन्यानं उतरताना ती तिसऱ्या मजल्यावर थबकली. चौथ्या मजल्याच्या बाकीच्या तेरा किटल्या तिनं मनातल्या मनात एकेक करून उचलल्या. चारशे एक, काल विसळली. चारशे दोन, परवा. चारशे तीनशी अडखळली. आठवेना. तिच्याकडं आता कार्ड नव्हतं. ती वळली आणि कुणीतरी दार उघडेल म्हणून पुन्हा वर चढायला लागली.